विहिरीपासून ओंजळीपर्यंत : ग्रामशाळा आणि निर्भय पाणी

सुपे भागातील शिक्षकास पाण्याचे महत्त्व सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की वर्गातील मुलांचे लक्ष खिडकीकडे जाते, त्या गावात पाणी हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तथापि गावात पाणी येणे ही एक गोष्ट, आणि आलेले पाणी मुलाच्या तोंडापर्यंत निर्भयपणे पोहोचणे ही दुसरी गोष्ट होय. पहिल्या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष असते. तिच्यासाठी सभा भरतात, अर्ज होतात, योजना मंजूर होतात. दुसरीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि अतिसार, विषमज्वर, कावीळ व जंत यांसारखे विकार बहुधा या दुसऱ्या गोष्टीतील उणिवेमुळेच होतात. पाण्याचा हा शेवटचा प्रवास पुष्कळसा शाळेच्या हाती आहे, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच तालुक्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२५ च्या संयुक्त अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातील सुमारे २१० कोटी लोकांस सुरक्षित व्यवस्थेचे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. सुमारे ३४० कोटी लोकांस मलविसर्जनाची सुरक्षित सोय नव्हती. आणि सुमारे १७० कोटी लोकांच्या घरी साबण व पाण्याने हात धुण्याची साधी व्यवस्थाही नव्हती. यांतील बहुसंख्य लोक आशिया व आफ्रिका खंडांतील विकसनशील देशांत राहतात. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवाचा हक्क असल्याचे मान्य केले. परंतु हक्क ठरावाने मान्य झाला, तरी तो मुलाच्या पेल्यापर्यंत आपोआप येत नाही.

आपल्या दोन तालुक्यांतील पाणी

बारामती व इंदापूर हे तालुके नकाशावर शेजारी आहेत. पण त्यांच्यातील पाण्याच्या अडचणी तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार सुपे व त्याच्या आसपासच्या जिराईत गावांचा. सह्याद्रीवर पाऊस पाडून रिते झालेले ढग येथे येतात. म्हणून वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो, आणि तोही बेभरवशाचा. कऱ्हेचे पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे राहते. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणांसाठी उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात, यावरून माणसांची स्थिती ओळखावी. १९७२ च्या दुष्काळाची आठवण वृद्ध माणसे अद्याप सांगतात. २०१२-१३ व २०१८-१९ ही टंचाईची वर्षे तर आजच्या तरुण शिक्षकांनीही पाहिली आहेत. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे पाणी या भागास काही आधार देते. तरी पिण्याच्या पाण्याची मुख्य उणीव येथे परिमाणाची आहे.

दुसरा प्रकार नीरेच्या डाव्या कालव्याखालील बागाईत गावांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे पाणी या कालव्याने खाली आले आणि ऊसमळे फुलले. परंतु पाण्याचा निचरा नीट न झालेल्या जमिनी कालांतराने खारावल्या, चोपण झाल्या, आणि त्यांच्यालगतच्या विहिरींचे पाणीही मचूळ झाले. शेतातील वरखतांचा अंश झिरपून विहिरीत उतरतो, तो निराळाच. तेव्हा येथे पाणी मुबलक असूनही गुणाने उणे असू शकते.

तिसरा प्रकार इंदापूर तालुक्यातील उजनी धरणाच्या काठच्या गावांचा. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. दारासमोर सागरासारखा जलाशय पसरलेला आहे. पण पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाण्याचा मोठा भाग मुळा-मुठा व भीमा या नद्यांतून याच जलाशयास येऊन मिळतो. पाण्यावर वारंवार हिरवा थर दिसतो, त्याचे एक मुख्य कारण हेच होय.

म्हणून कोणत्याही गावी शिक्षकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, आपल्या पाण्याची उणीव कोणती? ते कमी आहे, खारट आहे, की दूषित आहे? क्लोरीनने जंतू मरतात. क्षार किंवा नायट्रेट जात नाहीत. पाणी उकळल्यानेही क्षार कमी होत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, कारण ते तान्ह्या मुलांस विशेष अपायकारक असते. हा दोष प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळतो, आणि त्यावर पाण्याचा उद्भव बदलणे किंवा शुद्धीकरणाचे योग्य यंत्र बसविणे हाच उपाय उरतो.

निर्मळ आणि निर्भय

निर्मळ दिसणारे पाणी शुद्धच असते, हा समज फार जुना आहे. १८५४ साली लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो या वैद्याने रोग्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्या पंपाचे पाणी दिसावयास व चवीला चांगले मानले जाई. स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास पटकीचा जंतू रोग्यांच्या शरीरात व तलावाच्या पाण्यात दाखविला. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूचा असा पत्ता लागला.

हे जंतू येतात कोठून? रोगी माणसाच्या मळातून. तेथून निरोगी माणसाच्या तोंडापर्यंत येण्यास त्यांना पाच वाटा आहेत : पाणी, हात, माशी, माती आणि अन्न. मुलांस हे पाच बोटांवर मोजून शिकवावे. यांपैकी एकच वाट बंद केली आणि चार उघड्या ठेवल्या, तर रोग चौथ्या-पाचव्या वाटेने येतोच. गावात नळयोजना आली तरी जुलाब थांबले नाहीत, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते, तिचे उत्तर यात आहे. नळाने एक वाट अरुंद केली. पण उघड्यावरचे शौच, न धुतलेले हात व उघडे अन्न या वाटा तशाच राहिल्या.

बारामती व इंदापूर तालुक्यांस याचे आणखी एक कारणाने भान हवे. दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपुरास जाते. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांत पटकीच्या साथी वारंवार उद्भवत आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरत. आज मार्गावरील पाण्याचे उद्भव आधी तपासले जातात, त्यांत औषध टाकले जाते, तात्पुरती शौचालये उभारली जातात. पालखीमार्गावरील शाळेने हा इतिहास विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा, म्हणजे वारकऱ्यास दिलेला पाण्याचा तांब्या स्वच्छ असणे हेही सेवेचेच अंग आहे, हे त्यांस उमजेल.

नारूचा धडा

पन्नाशीच्या आतील बहुतेक वाचकांनी नारूचा रोगी पाहिला नसेल. पूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यांत हा विकार परिचयाचा होता. पायाला फोड येई, तो फुटे, आणि त्यातून दोऱ्यासारखा हात-दीड हात लांबीचा कृमी दिवसादिवसाने बाहेर येई. तो काडीला गुंडाळून हळूहळू ओढीत. मध्येच तुटला तर पाय सुजे आणि माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळे. हा प्रकार बहुधा ऐन शेतीच्या हंगामात होई, म्हणून घराचे उत्पन्नही बुडे. मुले शाळेऐवजी शेतात जात.

याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे. रोगी माणूस पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत पाणी भरण्यास उतरे. फोड पाण्यात बुडताच कृमी हजारो सूक्ष्म पिले पाण्यात सोडी. ती पिले सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलकीटकाच्या पोटात जात. तेच पाणी दुसरा मनुष्य पिई, आणि सुमारे एक वर्षाने त्याच्या पायास फोड येई. म्हणजे पाणी भरणाऱ्याचा पाय हाच पाणी पिणाऱ्याच्या रोगाचे मूळ होता.

या रोगावर लस नव्हती. कृमी मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. तरी तो गेला. १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पाणीपुरवठा व स्वच्छता यांस वाहिले होते. त्याच काळात, १९८३-८४ पासून, भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रोगी आढळले होते. उपाय साधे होते : पायऱ्यांच्या विहिरींस कठडा बांधून त्या पोहऱ्याने उपसण्याजोग्या करणे, हातपंप बसविणे, पाण्यात औषध टाकून जलकीटक मारणे, रोग्यास पाण्यात उतरू न देणे, आणि घरोघर पाणी दुपदरी कापडाने गाळून घेणे. १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

ज्या रोगास औषध नव्हते, तो रोग विहिरीचा कठडा, गाळण्याचे कापड आणि लोकांना पटलेली सवय यांनी देशातून घालविला. अतिसारासारखे रोग याहून अधिक वाटांनी येतात, म्हणून ते इतक्या पूर्णपणे जाणार नाहीत. पण त्यांना हटविण्याचे साधन याच जातीचे आहे.

नळापासून तोंडापर्यंत

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरास नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी द्यावे, असे तिचे उद्दिष्ट ठरले. नळामुळे स्त्रियांच्या व मुलींच्या डोक्यावरील हंडा उतरतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु नळाचे पाणी वाटेत कसे बिघडते, हेही समजून घेतले पाहिजे.

खेड्यातील नळास चोवीस तास पाणी नसते. ते ठरावीक वेळी, कोठे दिवसाआड येते. पाणी सुरू असताना नळवाहिनीत दाब असतो, म्हणून गळतीच्या जागी पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो, आणि त्याच गळतीतून बाहेरचे गढूळ पाणी आत शोषले जाते. वाहिनी गटारातून गेली असेल किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घाण पाणी साचले असेल, तर पुढच्या वेळी नळ सोडताच ती घाण घराघरांत जाते. म्हणून व्हॉल्व्हचा कोरडा खड्डा व दुरुस्त गळती ही आरोग्याची कामे होत.

त्यापुढील वाट घरातली. टाकीत शुद्ध असलेले पाणी घरच्या माठात दूषित झालेले आढळते, हा अनेक देशांतील तपासणीचा अनुभव आहे. त्याचे कारण हात. मूल धावत येते, तांब्या माठात बुडविते. तांब्याबरोबर चार बोटेही बुडतात. त्या बोटांवर जे असेल ते माठात उतरते आणि मग घरातील सर्वांच्या पोटात जाते. यावर खर्चाचा उपाय लागत नाही. पाण्याचे भांडे घडवंचीवर, झाकलेले असावे. त्यास तोटी असल्यास उत्तम. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे असावे आणि ते खुंटीस टांगावे. भांडे रोज रिकामे करून घासावे. शिळ्या पाण्यावर ताजे ओतीत राहिल्यास ताजे पाणीही शिळ्याच्या गुणाचे होते.

हात धुण्याविषयी एवढे लक्षात ठेवावे की, नुसत्या पाण्याने हात ओले होतात. साबणाने चोळल्यावर मळ व जंतू सुटतात. शौचानंतर व जेवणापूर्वी, असे दोन प्रसंग साधले तरी अतिसाराचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते, असे अनेक देशांतील अभ्यासांवरून दिसून आले आहे. शाळेत पोषण आहाराच्या निमित्ताने यांतील एक प्रसंग रोज आपल्या डोळ्यांसमोर येतो. घरी सांगून जी सवय लागत नाही, ती येथे रोज करवून घेता येते.

टंचाईच्या गावी हात धुण्यास पाणी कोठून आणावे, असा प्रश्न येईल. झिंबाब्वेतील खेड्यांत यासाठी एक युक्ती रूढ झाली. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा दोन खांबांमधील आडव्या काठीवर अडकवितात. त्याच्या तोंडाजवळ बारीक भोक पाडतात व दोरी बांधून ती खाली जमिनीवरील लाकडास जोडतात. लाकूड पायाने दाबले की डबा कलून पाण्याची बारीक धार पडते. मळलेल्या हातांनी डब्यास शिवावे लागत नाही, आणि तांब्याने ओतण्यापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. हे साधन वरच्या वर्गातील मुले कार्यानुभवाच्या तासात करू शकतात. खाली पडणारे पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडाच्या आळ्यात सोडावे.

विहिरीचे गणित

विहिरीच्या पाण्यास विरंजक चूर्ण, म्हणजे गावात जिला टी.सी.एल. पावडर म्हणतात ती, किती लागते हे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांस सहज काढता येईल. विहीर गोल असून तिचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे असे समजा. त्रिज्या २ मीटर. म्हणून पाण्याचे घनफळ ३.१४ × २ × २ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम धरतात. तेव्हा ह्या विहिरीस सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागेल.

ही पावडर कोरडी विहिरीत टाकू नये. बादलीत प्रथम तिचा लगदा करावा, मग पाणी घालून ढवळावे व काही वेळ निवू द्यावे. तळाशी चुन्याचा साका बसतो, तो टाकून द्यावा. वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून पाणी हलवावे. हे काम सायंकाळी, लोकांचे पाणी भरून झाल्यावर करणे सोयीचे. क्लोरीनला जंतू मारण्यास वेळ लागतो. किमान अर्धा ते एक तास पाणी वापरू नये.

उत्तर बरोबर आले म्हणजे पाणी शुद्ध झाले असे मात्र नव्हे. पावडर जुनी असेल, तिला ओल लागली असेल, किंवा पोते उघडे राहिले असेल, तर तिची शक्ती कमी होते. पाणी घाण असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. म्हणून शेवटी परीक्षा करावीच लागते. पाण्याच्या नमुन्यात ओ.टी. द्रवाचे थेंब टाकले असता पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. ही परीक्षा टाकीजवळच्या घरी न करता वाहिनीच्या शेवटच्या घरी करावी; कारण तेथे क्लोरीन पोहोचला तर मधल्या सर्व घरी पोहोचलेला असतो.

पावडर हाताळणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे. विद्यार्थ्यांकडून ते कदापि करवू नये. विद्यार्थ्यांनी गणित करावे, परीक्षेचा रंग पहावा आणि तारखेसह वहीत लिहावा. ग्रामपंचायतीस पाण्याच्या स्थितीवरून लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे व ते का, हे मुलांस ठाऊक असले पाहिजे.

शौचकूप आणि देहूचा अनुभव

पाच वाटांपैकी बहुतेक वाटा ज्या एका उपायाने आरंभीच अडविता येतात, तो उपाय म्हणजे शौचकूप. आपल्याच जिल्ह्यात याचे थोर उदाहरण आहे. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे देहू येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. तेथील रोग्यांचे पोटाचे विकार पुन:पुन्हा उद्भवतात, याचे मूळ उघड्यावरील शौचात आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आरंभी बांधविलेले संडास पावसाळ्यात ढासळले. एखाद्याने तेथेच हात टेकले असते. डॉ. मापुसकरांनी कोकणात गोपुरी आश्रमात मैलासफाई व सोपा संडास या विषयांस आयुष्य वाहिलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कार्यापासून मार्गदर्शन घेतले आणि काम पुन्हा सुरू केले. घरोघर जाऊन लोकांस पटविण्याचे हे काम त्यांनी कित्येक दशके केले. मैल्यापासून इंधनवायू मिळविण्याची पद्धतीही विकसित केली. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. या अनुभवाचा बोध असा की, वाईट बांधलेला संडास हा संडास नसण्याहून कधी कधी अधिक हानी करतो, कारण तो लोकांचा विश्वास घालवितो.

खेड्यास सर्वांत सोयीचे शौचालय दोन शोषखड्ड्यांचे. खड्ड्याच्या भिंतीत विटा जाळीदार रचतात, त्यामुळे पाणी जमिनीत मुरते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवावा. पहिला बंद ठेवल्यास दीड-दोन वर्षांत त्यातील द्रव्याचे वास नसलेले, मातीसारखे खत होते. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे बसविल्यास दर वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते. म्हणून “प्यायला पाणी नाही, तर संडासाला कोठले?” हा आक्षेप सुप्यासारख्या गावीही टिकत नाही. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा. काळ्या खडकास भेगा असतील तेथे अंतर आणखी वाढवावे. टाकीचे शौचालय बांधून तिचे पाणी उघड्या गटारात सोडणे म्हणजे घाण घरातून काढून आळीत आणणे होय.

पाणी कोणाचे?

शुद्धतेच्या चर्चेत एक प्रश्न झाकला जाऊ नये. पाण्याला हात कोणी लावावा, हा प्रश्न आपल्या देशात शतकानुशतके जातीवरून ठरविला गेला. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सर्वांचा समान हक्क बजावला. त्याच बाबासाहेबांस बालपणी शाळेत नळास हात लावण्याची मोकळीक नव्हती. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे. सार्वजनिक विहिरी व तळी यांच्या वापरात भेदभाव करण्यास राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने बंदी केली आहे.

म्हणून शाळेत पाण्याचे भांडे एकच असावे, ओगराळे एकच असावे, आणि पाणी वाढण्याची पाळी सर्व मुलांस आळीपाळीने यावी. स्वच्छतेच्या नावाखालीसुद्धा कोणास वेगळे बसविणे हा अपराध समजावा. शौचालयाच्या सफाईचे काम विशिष्ट मुलांकडे किंवा केवळ मुलींकडे जात असेल, तर तो धडा साऱ्या पुस्तकी धड्यांस पुसून टाकतो. गाडगे महाराजांनी स्वतः झाडू हाती घेतला, म्हणून त्यांचे कीर्तन लोकांनी ऐकले.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत पिण्याचे शुद्ध पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आवश्यक ठरविली आहेत. वरच्या वर्गातील मुली महिन्यातील काही दिवस गैरहजर राहतात, त्याचे कारण पुष्कळदा कडी नसलेले दार व पाणी नसलेले शौचालय हे असते. दाराची कडी लहान वस्तू आहे. पण तिच्यावाचून एखाद्या मुलीचे शिक्षण थांबू शकते.

शाळेने काय करावे

वरील विवेचनावरून शाळेचे काम स्पष्ट होते. जून महिन्यात शाळेची टाकी रिकामी करून घासावी, झाकण बसते की नाही पहावे, आणि टाकीवर सफाईची तारीख रंगाने लिहावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याचा नमुना तपासून घेण्याविषयी ग्रामपंचायतीस लेखी विनंती करावी. हायड्रोजन सल्फाइडच्या परीक्षेची बाटली मिळाल्यास ती वर्गात ठेवावी. मळाचा संसर्ग झालेल्या पाण्याने ती एक-दोन दिवसांत काळी पडते. दहा व्याख्यानांनी जे पटत नाही, ते त्या काळ्या बाटलीने पटते. १५ ऑक्टोबरचा हात धुण्याचा दिवस व १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिन हे केवळ छायाचित्रापुरते साजरे न करता वर्षभराच्या सवयीचे टप्पे म्हणून पाळावेत.

मूल जुलाबाने आजारी पडल्यास त्याचे पाणी तोडू नये. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य पटकीच्या रोग्यांचे प्राण वाचविले. एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थ्यास पाढ्यासारखे पाठ असावे. पालकांस आरोग्य केंद्रातून क्षारसंजीवनीची पाकिटे व जस्ताच्या गोळ्या मिळवून घेण्यास सांगावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, किंवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

या सर्व कामाचे फळ मोजावयाचे कसे, असे शिक्षक विचारतील. त्यासाठी नवे पत्रक नको. हजेरीपट पुरेसा आहे. जुलै व ऑगस्ट महिन्यांत पोटाच्या विकाराने किती मुले किती दिवस गैरहजर राहिली, हे शेऱ्याच्या रकान्यात पालकांस विचारून लिहावे. पुढील वर्षी त्याच महिन्यांचे आकडे शेजारी मांडावेत, आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आकडा घटला तर गावाला उत्साह येईल. तो घटला नाही, तर पाच वाटांपैकी कोणती उघडी राहिली याचा शोध माठापासून सुरू करून विहिरीपर्यंत मागे न्यावा.